छिद्र बुजले, दृष्टी किती परतली?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही वर्षभराच्या कामाचे आकडे आपणांसमोर ठेवतो. यंदाचे आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेलेच आहेत. म्हणून आज केवळ एकाच शस्त्रक्रियेविषयी बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली. ती शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील मॅक्युला या भागाला पडलेले छिद्र बुजविण्याची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत तिची संख्या अगदीच अल्प आहे. तथापि तिच्या निमित्ताने आमच्या हिशेब ठेवण्याच्या पद्धतीतील एक उणीव आमच्या ध्यानी आली, आणि ती आपणांपासून झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटले नाही.

आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्च हा आमचा विषय. आज जे वैद्यकीय विवेचन आम्ही करणार आहोत, ते नेत्रविभागातील डॉक्टरांनी आम्हांस समजावून दिलेले आहे आणि भाषणाचा मसुदाही त्यांनी तपासून दिला आहे. त्यातील चूक असेल तर ती आमच्या आकलनाची समजावी.

प्रथम हा विकार काय आहे ते पाहू. डोळ्याच्या मागील बाजूस आतून अस्तराप्रमाणे जो नाजूक पडदा असतो, त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यभागी मॅक्युला अथवा पीतबिंदू हा लहानसा भाग असून त्याच्याही केंद्रस्थानी सुमारे दीड मिलिमीटर रुंदीचा एक खळगा आहे. आपण वाचतो, सुई ओवतो, तांदळातला खडा वेचतो, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखतो, ते सारे मुख्यतः या खळग्यातील पेशींच्या बळावर. उरलेला पडदा आजूबाजूचे दाखवितो. पण बारीक पाहण्याचे काम त्यास जमत नाही.

डोळ्याची पोकळी व्हिट्रियस नावाच्या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. वय वाढते तसा हा पदार्थ आक्रसतो व पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्वेधपणे घडते. काहींच्या बाबतीत मात्र तो मध्यावरच चिकटून राहतो, पडद्यास ओढ देतो आणि त्या ओढीने तेथे छिद्र पडते. साधारणपणे साठीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. डोळ्यास चेंडू, विटी अथवा फटाक्याचा मार लागून तरुणांमध्येही असे छिद्र पडू शकते. चष्म्याचा मोठा उणे क्रमांक असणाऱ्यांनाही त्याचा धोका असतो. फार वाचन केल्याने किंवा दूरदर्शन पाहिल्याने ते पडत नाही, आणि थेंब घालून वा चष्मा बदलून ते बुजत नाही.

या छिद्राने माणूस पूर्ण आंधळा होत नाही. आजूबाजूचे दिसत राहते, चालता फिरता येते. पण जेथे नजर रोखावी तेथेच काळपट ठिपका किंवा पुसल्यासारखी जागा दिसते. सरळ रेषा मध्येच वाकडी होते, अक्षरे गळतात. दुसरा डोळा चांगला असेल तर तो ही उणीव भरून काढतो आणि रुग्णास कित्येक महिने काही कळतच नाही. या विकारातील पुष्कळसा उशीर येथूनच सुरू होतो.

फार जुनी गोष्ट नव्हे, या छिद्रावर उपाय नाही असेच मानले जात असे. १९८८ साली अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड गॅस यांनी ही छिद्रे पडद्यावरील ओढीमुळे टप्प्याटप्प्याने कशी बनतात याची मांडणी केली. पुढे १९९१ साली कॅलिफोर्नियातील डॉ. नील केली आणि डॉ. रॉबर्ट वेंडेल यांनी ही ओढ शस्त्रक्रियेने काढून डोळ्यात वायू भरण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ५२ डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. त्यांपैकी ३० डोळ्यांतील छिद्रे बुजली. आणि त्या ३० पैकी २२ डोळ्यांची दृष्टी तक्त्यावरील दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली.

हे आकडे आम्ही मुद्दाम सांगितले. त्या दोन शस्त्रवैद्यांनी पहिल्याच दिवसापासून दोन वेगळे रकाने ठेवले होते: छिद्र किती बुजले हा एक, आणि दृष्टी किती परतली हा दुसरा. आज तंत्र पुष्कळ सुधारले आहे. अतिशय बारीक उपकरणांनी व्हिट्रियस काढून टाकतात. रंगद्रव्य लावून पडद्याच्या पृष्ठभागावरील, केसाच्या जाडीच्या दशांशाहूनही पातळ असा पापुद्रा सोलतात. आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. अनुभवी हातांत साधारणतः दहांपैकी नऊ छिद्रे बुजतात. पहिला रकाना असा जवळजवळ भरला. दुसऱ्या रकान्याचे तसे झालेले नाही. आणि आमची उणीव हीच की, आम्ही आजवर आपणांस पहिलाच रकाना दाखवीत आलो.

ती उणीव कशी कळली, ते सांगतो. काही काळापूर्वी एकाच महिन्यात, एकाच शस्त्रवैद्यांच्या हातून, आमच्याकडे दोन रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्या दोघांच्या संमतीने, नावे न घेता, त्यांची हकिकत आपणांस सांगत आहोत.

पहिले एक निवृत्त शिक्षक. सकाळी वर्तमानपत्र वाचताना चष्म्याची एक काच पुसण्यासाठी त्यांनी सहज डोळ्याशी धरली, दुसरा डोळा मिटला, आणि मथळ्याच्या मधले अक्षर नाहीसे झाल्याचे त्यांना दिसले. आठवडाभरात ते आमच्याकडे आले. छिद्र लहान होते. लवकरच शस्त्रक्रिया झाली. आज ते त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचतात. रेषांमधील किंचित वाकडेपणा उरला आहे, इतकेच.

दुसऱ्या एक शेतमजूर बाई, वय साठीच्या पुढे. गावात त्यांना कुणी सांगितले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. त्यात किती काळ गेला ते त्यांनाही नीट आठवत नाही. अखेर त्या आमच्या शिबिरात आल्या. तेथे डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला, छिद्राचे निदान केले आणि लवकर शस्त्रक्रिया करावी असे लिहून दिले. येथपर्यंत सर्व योग्य झाले. त्यापुढची हकिकत आमच्या कार्यालयाची आहे.

आपणांस ठाऊक आहेच की, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ सालापासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्या बाई या सवलतीस पात्र होत्या. परंतु त्यांच्याजवळ उत्पन्नाचा दाखला नव्हता. आमच्या खिडकीवरून त्यांच्या मुलास दाखला आणावयास सांगण्यात आले. तो रोजंदारीवर जाणारा. तालुक्याच्या ठिकाणी दोन खेपा झाल्या. दाखला आणला तर शिधापत्रिकेवरील नावात आणि त्यातील नावात फरक निघाला. पुन्हा परत पाठविले. मग पेरणी आली. ती मायलेकरे पुन्हा आमच्या दारात आली तेव्हा निदानानंतर पाच महिने उलटले होते. नव्या तपासणीत छिद्र पूर्वीपेक्षा मोठे झालेले दिसले.

शस्त्रक्रिया विनामूल्य झाली. छिद्र बुजले. आमच्या नोंदवहीत 'यशस्वी' असा शिक्का पडला. तीन महिन्यांनी तपासणीस आल्या असता आम्ही त्यांना सहज विचारले, "मावशी, आता कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "भोक बुजलं म्हनत्यात साहेब. पर नातीचं तोंड मधोमध अजून पुसल्यावानीच दिसतंय."

आम्ही शस्त्रवैद्यांना विचारले की, पाच महिने आधी केले असते तर फरक पडला असता का. ते म्हणाले, एका रुग्णाविषयी असे खात्रीने सांगता येत नाही. आधीचा उशीरही होताच. पण आणखी पाच महिन्यांनी लाभ तर खचितच झाला नाही. हे उत्तर ऐकल्यावर आम्ही दृष्टी कशावर अवलंबून असते याची नीट माहिती करून घेतली. तीच आता थोडक्यात आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, छिद्राचा आकार. ओसीटी नावाच्या यंत्राने डोळ्यास स्पर्श न करता, प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचा उभा छेद दिसतो व छिद्र मोजता येते. २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरपर्यंतचे छिद्र लहान, ४०० मायक्रॉनपर्यंतचे मध्यम आणि त्याहून मोठे ते मोठे, असे वर्गीकरण २०१३ सालापासून रूढ आहे. मिठाच्या एका कणाएवढे हे अंतर. पण छिद्र जितके लहान, तितके ते बुजणे सोपे आणि परतणारी दृष्टी अधिक. म्हणूनच शस्त्रक्रियेआधीची दृष्टी जितकी चांगली, तितकी नंतरचीही चांगली राहण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट, काळ. छिद्राच्या कडेचा पडदा खालच्या थरापासून उचलला गेलेला असतो. त्या थरातूनच पाहणाऱ्या पेशींचे पोषण होते. ताटातूट जितकी लांबते, तितक्या त्या पेशी क्षीण होत जातात, आणि दरम्यान छिद्रही बहुधा रुंदावते. शस्त्रक्रिया कडा जुळवून देते. गेलेल्या पेशी परत आणीत नाही. अनेक तुलनात्मक चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०२३ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. उशिराचा प्रत्येक महिना छिद्र बुजण्याची शक्यता आणि नंतरची दृष्टी, दोन्ही थोडी थोडी घटवितो, असे त्यात दिसून आले. आमच्या भाषेत याला घसारा म्हणतात. तो कुणाच्या डोळ्यांदेखत होत नाही, पण वर्षअखेरीस मालमत्ता कमी झालेली असते. याचा अर्थ उशिरा आलेल्यांनी आशा सोडावी असा नव्हे. जुन्या छिद्रांतही शस्त्रक्रियेने लाभ झालेले रुग्ण आहेत. निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यावयाचा असतो.

तिसरी गोष्ट, डोळ्याचे इतर आजार. काचबिंदू, मधुमेहाने झालेली पडद्याची हानी, मोठा उणे क्रमांक किंवा अपघाताने झालेली इजा असेल, तर छिद्र उत्तम बुजूनही दृष्टीला मर्यादा राहते. ही कल्पना रुग्णास व घरच्यांस आधीच दिली पाहिजे. कधी कधी शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्यासारखी गुंतागुंतही उद्भवते. अचानक पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तीव्र वेदना झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

चौथी गोष्ट, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. वायू नेहमी वर जातो. मॅक्युला डोळ्याच्या मागच्या बाजूस असल्याने, बुडबुडा त्यावर टेकावा यासाठी रुग्णास मान खाली घालून बसावे किंवा पालथे निजावे लागते. लहान छिद्रांच्या बाबतीत हा नियम आता पुष्कळ शिथिल झाला आहे. मोठ्या छिद्रांसाठी अनेक शस्त्रवैद्य अजूनही काही दिवस तसे राहावयास सांगतात. ऐकावयास सोपे वाटते. पण सत्तरीच्या माणसाने, मान आणि कंबर दुखत असता, दिवसाचे बहुतेक तास असे काढणे ही तपश्चर्या आहे. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही, जेवण हातात देणारे कुणी नाही, त्यांना ती साधत नाही. त्याखेरीज वायू डोळ्यात असेपर्यंत त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही. मग वरून हळूहळू उजेड येऊ लागतो आणि भांड्यातील पाण्यासारखी एक हलती रेषा दिसते. वायूच्या प्रकारानुसार हा काळ दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकतो. या काळात विमानप्रवास पूर्णपणे वर्ज्य. उंच घाट चढून जावयाचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेण्याची वेळ आली तर डोळ्यात वायू आहे हे तेथील डॉक्टरांना अवश्य सांगावे. या बाबतीत हयगय झाल्यास डोळ्यातील दाब वाढून दृष्टी जाऊ शकते.

पाचवी गोष्ट, मोतीबिंदू. पन्नाशी उलटलेल्यांच्या बाबतीत या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन वर्षांत बहुतेकांना मोतीबिंदू वाढतो. सुधारलेली दृष्टी पुन्हा अंधुक होते आणि शस्त्रक्रिया फसली अशी समजूत करून घेऊन रुग्ण येणे सोडतात. वस्तुतः मोतीबिंदू काढल्यावर त्याआड दडलेली कमाई हाती लागते. काही वेळा शस्त्रवैद्य दोन्ही शस्त्रक्रिया एकत्रच करतात.

सहावी गोष्ट, धीर. छिद्र काही दिवसांत बुजते. पण आतील थर सावरण्यास महिने लागतात, आणि दृष्टीतील सुधारणा वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ सुरू राहू शकते. पहिल्या महिन्यातील दृष्टीवरून अंतिम निकाल लावू नये.

या सहा गोष्टींकडे पुन्हा पाहता एक बाब स्पष्ट होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर लागतो तो एखादा तास. दृष्टीचा निकाल मात्र पुष्कळ अंशी त्या तासाआधीच्या महिन्यांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत लागतो. आधीचे काही महिने आमच्या कार्यालयाच्या हाती असतात, नंतरचे रुग्णाच्या घरच्यांच्या. आणि दोहोंनाही देणगीदारांचा हातभार लागू शकतो.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पुढील बदल केले आहेत. ज्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टर 'विलंब नको' असे लिहितील, त्याची शस्त्रक्रियेची तारीख प्रथम ठरेल. दाखले मागाहून गोळा होतील, आणि ते गोळा करण्याचे काम रुग्णाच्या मुलाचे नव्हे, तर आमच्या समाजसेवा अधीक्षकांचे राहील. दाखला शेवटपर्यंत न मिळाल्यास त्या खर्चाची जबाबदारी संस्थेच्या राखीव निधीवर पडेल. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत त्रास सुरू झाल्याची, निदानाची व शस्त्रक्रियेची, अशा तिन्ही तारखा लिहिल्या जातील. पुढील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया याच प्रकरणाचा भाग समजली जाईल. नव्याने कागद मागितले जाणार नाहीत. आणि पुढील अहवालापासून आपणांस दोन्ही रकाने दिसतील: छिद्रे किती बुजली, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची, तीन महिन्यांनंतरची व वर्षानंतरची दृष्टी किती. हे आकडे आजच्याइतके गोमटे दिसणार नाहीत, याची पूर्वकल्पना आम्ही देऊन ठेवतो.

देणगीदारांना एक विनंती. आपण आजवर दिलेल्या देणग्यांतून यंत्रे आली आणि त्यांवाचून यातील काहीच शक्य झाले नसते. आता आम्हांस हवी आहे ती परगावच्या रुग्णांसाठी एक साधी खोली: पालथे निजण्याजोगे पलंग, मान टेकण्यासाठी आधाराची मेजे, सोबत्यास जेवण आणि तपासणीच्या खेपांचे बसभाडे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, बसच्या तिकिटावर ती लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ही मागणी यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती त्याहून सोपी आहे. आज घरी गेल्यावर, घरातील पन्नाशीपुढच्या प्रत्येकास जवळचा चष्मा लावून भिंतीवरील दिनदर्शिकेसमोर हातभर अंतरावर उभे करा. एक डोळा तळहाताने झाकून मधल्या तारखेकडे पाहावयास सांगा, मग दुसरा. चौकटीच्या रेषा वाकड्या दिसल्या, मधली तारीख गळाली, तर ते वयाचे किंवा चष्म्याचे कारण समजू नका आणि 'पिकू द्या' म्हणून थांबू नका. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. ज्यांच्या एका डोळ्यास छिद्र पडले आहे, त्यांनी तर हे नित्य करावे. कारण अशांपैकी साधारणतः दहांतील एकाच्या दुसऱ्या डोळ्यासही पुढे तसेच छिद्र पडू शकते.

त्या मावशी आता दुसऱ्या डोळ्याची अशी तपासणी दर रविवारी करतात. अंक त्यांना वाचता येत नाहीत. पण चौकटी सरळ आहेत की नाहीत हे कळते. नातच त्यांना दिनदर्शिकेपुढे नेऊन उभी करते. मागील महिन्यात त्यांनी आम्हांस सांगितले, "ह्यो डोळा शाबूत हाय, साहेब." त्यांचा तो डोळा शाबूत राहावा, आणि कधी काही झालेच तर आमच्या खिडकीवर त्यांचा एकही दिवस वाया जाऊ नये, एवढे आश्वासन आम्ही त्यांना दिले आहे. ते आज आपणां सर्वांच्या साक्षीने पुन्हा देतो.